टायटॅनियमचा सिलिंडर पोलादासारखा घासला तेव्हा: एका रिव्हॉल्व्हरचे प्रकरण

सिलिंडर, म्हणजे काडतुसे भरायचा फिरता भाग, समोरून चांदीसारखा चमकत होता. पोलादी रिव्हॉल्व्हर असते तर ही चमक पाहून मालकाची पाठ थोपटली असती. हा सिलिंडर मात्र टायटॅनियमचा होता, आणि त्याच्या पुढच्या तोंडाचा रंग चमकता नसून मंद, मातकट राखाडी असायला हवा होता. बिघाड तिथूनच सुरू झाला होता, पण मालकाची तक्रार वेगळ्याच गोष्टींची होती.

रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचे ३४०पीडी. पाच गोळ्यांचे, .३५७ मॅग्नमचे. घोडा सांगाड्याच्या आत झाकलेला, नळी १.८७५ इंच, म्हणजे ४७.६ मिमी. सांगाडा ॲल्युमिनियमचा असून त्यात स्कँडियम एक टक्क्याहूनही कमी आहे. नळीचे बाहेरचे आवरण हलक्या धातूचे आणि आत पोलादी अस्तर. सिलिंडर टायटॅनियमचा असल्यामुळे रिकाम्या रिव्हॉल्व्हरचे वजन ३४० ग्रॅमच्या आत राहते आणि ते दिवसभर पँटच्या खिशात बाळगता येते. अमेरिकेत असली रिव्हॉल्व्हरे लोक घेतात ती याच सोयीसाठी. याचा मालक टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. तिथल्या दमट उन्हाळ्यात खिशातल्या वस्तूला रोज घाम लागतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

तक्रारी तीन होत्या. मॅग्नमची काडतुसे काही चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसांच्या भोकांत) पूर्ण बसत नाहीत, अंगठ्याने दाबावी लागतात. झाडल्यावर रिकाम्या पुंगळ्या निघत नाहीत, त्या बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टरचा दांडा ठोकावा लागतो. आणि चाप ओढताना सिलिंडर एका ठरावीक जागी जड होतो. मालकाचा समज असा की सिलिंडर मुळातच सदोष आहे.

वापराचा इतिहास विचारला तेव्हा अर्धे उत्तर मिळाले. आतापर्यंत साधारण ६०० गोळ्या झाडलेल्या. त्यातल्या बहुतेक .३८ स्पेशलच्या, म्हणजे याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या आखूड काडतुसाच्या, १५८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) साध्या शिशाच्या, सरावासाठी. सोबत मॅग्नमचे तीन-चार डबे, त्यात दोन ११० ग्रेनचे. गोळी हलकी असली की धक्का कमी बसेल, हा त्यामागचा हिशेब. प्रत्येक सरावानंतर सिलिंडरचे तोंड शिसे काढणाऱ्या पिवळ्या कापडाने घासलेले. पुढे काडतुसे अडकू लागली, तेव्हा हातातल्या छोट्या फिरत्या यंत्राला नमद्याचे चाक लावून, धातूच्या पॉलिशने दोन चेंबर आतून 'साफ' केलेले.

यातले जवळपास सगळे पोलादाच्या बाबतीत चालून जाते. गोंधळ होतो तो त्यामुळेच. भारतात परवान्यावर असलेली बहुतेक रिव्हॉल्व्हरे .३२ बोअरची आणि पोलादी असतात. घरात असे एखादे हत्यार असेल आणि वडीलधाऱ्यांना ते घासूनपुसून लख्ख करताना पाहिलेले असेल, तर हात आपोआप तसाच चालतो.

टेबलावर घेण्याआधी

सिलिंडर उघडून पाची चेंबर डोळ्यांनी पाहिली, मग करंगळीच्या टोकाने चाचपली. अंधुक उजेडात काळवंडलेल्या चेंबरमधली रिकामी पुंगळी आणि भरलेले काडतूस यांत फसगत होऊ शकते, म्हणून नुसत्या नजरेवर भिस्त ठेवायची नाही. जिवंत काडतुसे मोजून दुसऱ्या खोलीत ठेवली. टेबलावर फक्त निर्जीव डमी काडतुसे, तीही रंगीत, म्हणजे चुकूनही गल्लत होणार नाही. काडतूस बसते की नाही हे जिवंत काडतूस घालून बघणारे पुष्कळ असतात. ही सवय मोडायलाच हवी.

खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे हातमोजे, टेबलावर वर्तमानपत्र. काजळीत शिसे असते. खाण्यापिण्याचे काही जवळ नको, लहान मुले खोलीत नकोत, आणि काम संपले की हात साबणाने व गार पाण्याने धुवायचे.

काय दिसले

बारीक टॉर्च आणि दहापट भिंग घेऊन आधी सिलिंडरचे तोंड पाहिले. पाची चेंबरच्या तोंडाभोवती धातू पांढरट चमकत होता. चेंबरांच्या मधल्या भागात मूळचा राखाडी थर शाबूत, कडांवर मात्र गायब. तीन चेंबरांच्या कडेला बारीक खड्डे पडलेले. नखाचे टोक फिरवले की सँडपेपरवरून गेल्यासारखे खरखरते. पोलादी सिलिंडरवर ६०० गोळ्यांत असे होत नाही.

चेंबर ओळखू यावीत म्हणून सिलिंडरच्या खाचांवर कागदी टेपचे तुकडे लावून १ ते ५ आकडे घातले. मग प्रत्येकात मॅग्नमच्या लांबीचे डमी काडतूस, नळी वर धरून नव्हे तर खाली धरून, आपल्या वजनाने सोडले. १ आणि ४ मध्ये ते तळापर्यंत गेले. २, ३ आणि ५ मध्ये साधारण ३ मिमी बाहेर राहिले. हाच आकडा कारण सांगून जातो.

.३८ स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच, म्हणजे २९.३ मिमी लांब. .३५७ मॅग्नमची १.२९ इंच, म्हणजे ३२.८ मिमी. फरक साडेतीन मिमीचा. मॅग्नमच्या चेंबरमध्ये .३८ झाडली की पुंगळीचे तोंड चेंबरच्या आत आधीच संपते, आणि पुढच्या त्या साडेतीन मिमीच्या पट्ट्यात काजळी, शिसे व वंगणाचा मेणचटपणा दर गोळीला थापला जातो. उष्णतेने तो भाजून त्याचे कडक कडे बनते. नंतर लांब पुंगळी आली की तिचे तोंड या कड्यावर अडते. अंगठ्याने रेटून ती बसवली तर आणखी वाईट. झाडताना पुंगळीचे तोंड उघडून गोळी सोडायला जागा लागते, ती या कड्याने हिरावलेली असते. दाब वाढतो आणि पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते. म्हणजे पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच. .३२च्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच लांबीचे काडतूस वापरले जाते, त्यामुळे हे कडे तयार व्हायला तिथे जागाच नाही.

सिलिंडर जड का होतो? एक्स्ट्रॅक्टरचा दांडा दाबून ताऱ्याच्या आकाराचा तुकडा मागे उचलला आणि त्याखाली टॉर्च मारला. न जळलेल्या दारूचे सहा-सात कण, खिशातले कापडी रोम आणि तेल यांचा चिखल झालेला. ताऱ्याखाली एक कण जरी अडकला तरी तो पूर्ण बसत नाही, त्या बाजूचे काडतूस केसभर मागे राहते आणि सांगाड्याच्या मागच्या पाटीला घासते. रिकामा सिलिंडर फिरवतानाही ताराच पाटीला टेकतो. 'चाप बिघडला' म्हणून आलेल्या कित्येक रिव्हॉल्व्हरांचे दुखणे एवढेच असते. शिवाय दांडा ठोकल्यामुळे तो वाकला असावा अशी शंका होती. सिलिंडर उघडा ठेवून सावकाश फिरवला आणि दांड्याचे टोक एका स्थिर रेषेशी ताडून पाहिले. टोक डगमगले नाही. दांडा सरळ होता, नशीब चांगले.

मग फीलर गेजने नळी आणि सिलिंडरमधली फट मोजली. सिलिंडर मागे ढकलून ०.१५ मिमी, पुढे ढकलून ०.१० मिमी. म्हणजे पुढे-मागे हालचाल ०.०५ मिमी. फट ०.१० ते ०.२५ मिमीच्या दरम्यान असली तर काळजीचे कारण नसते. सांगाडा ताणला गेला नव्हता. प्रश्न सिलिंडरच्या पृष्ठभागाचा आणि घाणीचा होता, रिव्हॉल्व्हरच्या सांध्यांचा नव्हे.

टायटॅनियम वेगळे वागते ते का

टायटॅनियमची घनता पोलादाच्या साठ टक्क्यांच्या आसपास आणि ताकद चांगल्या पोलादाच्या जवळ जाणारी. पण काही खोडी आहेत. पहिली म्हणजे ते चिकटते. उघडे टायटॅनियम दुसऱ्या धातूवर दाबाखाली सरकले की त्याचा पृष्ठभाग सोलवटून त्या धातूला धरतो. बोल्ट-नट जाम होतात ते असेच. दुसरी, ते पोलादापेक्षा जास्त लवचिक आहे. पोलादाचा लवचिकता गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियम मिश्रधातूचा ११०च्या आसपास. त्याच दाबाला टायटॅनियमचे चेंबर जास्त फुगते आणि मग मागे आवळते. पितळेची पुंगळी मात्र फुगून परत तेवढी आक्रसत नाही, म्हणून ती चिमटली जाते. तिसरी, फटीतून सुटणारा तापलेला वायू आणि त्यातले दारूचे जळते कण यांचा मारा उघड्या टायटॅनियमला लवकर खातो.

या सगळ्यांवर उतारा म्हणजे सिलिंडरवर केलेली पृष्ठभागाची प्रक्रिया. तो राखाडी थर शोभेसाठी नाही. तो कठीण पण पातळ असतो, आणि घासक कापड, सँडपेपर, धातूचे पॉलिश, लोखंडी जाळी यांपुढे टिकत नाही. टायटॅनियम सिलिंडरच्या चेंबरांना किंवा तोंडाला घासक वस्तू लावायची नाही, असे कंपनीच्या पुस्तिकेतच बजावलेले आहे. शिसे काढणारे पिवळे कापड हातात मऊ लागते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण त्याच्या धाग्यांत घासक भुकटी मुरवलेली असते. स्टेनलेस पोलादाच्या सिलिंडरवर ते उत्तम काम करते. निळ्या पोलादावर लावले तर निळाई जाते, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. टायटॅनियमवर थर जातो आणि तो परत येत नाही.

दुसरा घाव ११० ग्रेनच्या मॅग्नमने घातला. ३४०पीडीच्या नळीवरच १२० ग्रेनची, म्हणजे ७.८ ग्रॅमची खालची मर्यादा कोरलेली असते. गोळी हलकी म्हणजे दारू जास्त, आणि गोळी पुंगळीतून लवकर सुटते, तेव्हा बरेचसे कण न जळताच फटीतून तोंडावर आदळतात. एकीकडे थर घासून काढलेला, दुसरीकडे हा मारा. कडेचे खड्डे यातून आले. नुसत्या कापडाने एवढ्या लवकर खड्डे पडले नसते, आणि थर शाबूत असता तर दोन डब्यांनीही एवढे झाले नसते.

२ आणि ५ या चेंबरांत नमद्याचे चाक फिरलेले. आत पाहिले तर भिंत आरशासारखी, पण गोलाई गेलेली. एका बाजूला खोलगट. मालक कडे काढायला गेला आणि कड्याच्या मागचा चांगला धातूच घासला, कारण मऊ धातू व थर आधी जातात आणि भाजलेली काजळी मागे उरते. फिरत्या यंत्राबद्दल आणखी एक सांगायलाच हवे. टायटॅनियमचा कीस पेट घेतो, पांढऱ्या ठिणग्या उडतात, आणि शेजारी सॉल्व्हंटचे, म्हणजे काजळी विरघळवणाऱ्या द्रावाचे, झाकण उघडे असते. हा प्रकार करू नये.

साफसफाई

सिलिंडर वाचो न वाचो, साफ करूनच निर्णय करता येतो. साहित्य थोडे: नायलॉनचा ब्रश, कांस्याचा नवा .३८चा ब्रश, पितळी किंवा आवरण असलेला दांडा, सुती चिंध्या, साधे बोअर सॉल्व्हंट, सुईसारखे टोक असलेली तेलाची बाटली, लाकडी दातकोरणी, आणि स्क्रूच्या खाचेत चपखल बसणारा, समांतर पात्याचा स्क्रूड्रायव्हर. घरातला पाचरीसारख्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ओरखडा काढल्याशिवाय राहत नाही.

सिलिंडर सुटा करायला उजव्या बाजूचा, चापाच्या कड्याच्या वरचा, सर्वांत पुढचा स्क्रू काढायचा. त्याच्या टोकावर योकची, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या हाताची, पकड असते. हा स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवायचा आणि परत त्याच भोकात घालायचा. बाकीच्या स्क्रूंशी त्याची अदलाबदल करायची नाही. मग सिलिंडर उघडून खाच सांगाड्याशी जुळवायची आणि योक सरळ पुढे ओढायचा. सिलिंडर योकवरून मागे सुटतो, म्हणून खाली तळहात हवाच. टायटॅनियम दणकट आहे, पण फरशीवर पडल्यावर एक्स्ट्रॅक्टरचा तारा वाकतो.

एक्स्ट्रॅक्टरचा दांडा खोलायची या कामात गरज पडली नाही. पडलीच तर दोन गोष्टी विसरू नयेत. स्मिथ अँड वेसनच्या आजच्या दांड्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. आणि फिरवण्याआधी चेंबरांत रिकाम्या पुंगळ्या भरायच्या, म्हणजे ताऱ्याला आधार मिळतो. पुंगळ्या नसताना पिळला तर ताऱ्याला जागेवर धरणाऱ्या बारीक पिनांवर सगळा ताण येतो.

चेंबर सॉल्व्हंटने ओले केले आणि २० मिनिटे सोडून दिले. घाई केली की हात जोराकडे वळतो, आणि या सिलिंडरचे नुकसान जोराने झाले होते. मग नायलॉनचा ब्रश, प्रत्येक चेंबरला दहा फेऱ्या, सॉल्व्हंटने ओल्या चिंध्या, पुन्हा २० मिनिटे. दुसऱ्या खेपेनंतर कड्याच्या जागी कांस्याचा ब्रश हाताने, मागून पुढे, सरळ. कांस्य टायटॅनियमपेक्षा मऊ असते. स्टेनलेस तारांचा ब्रश चालत नाही, आणि कोणताही ब्रश ड्रिलला लावायचा नाही. बारकी पण उपयोगाची गोष्ट ही की चेंबर नळीपेक्षा रुंद असते. नळीची आतली रुंदी ९.०७ मिमी, चेंबरची साडेनऊच्या वर. नळीत वापरून झिजलेला ब्रश चेंबरमध्ये नुसता हिंडतो, भिंतीला टेकत नाही. म्हणून नवा ब्रश आधी चेंबरसाठी ठेवायचा, मवाळ झाला की नळीत वापरायचा.

तीन खेपांनंतर डमी काडतूस पाचही चेंबरांत आपल्या वजनाने तळापर्यंत गेले. कडे पूर्ण निघाले. एवढेच सुरुवातीला केले असते तर ही सगळी गोष्ट घडलीच नसती.

तोंडावर फक्त सॉल्व्हंट आणि नायलॉन. पाच काळी वर्तुळे फिकट होतात, जात नाहीत. ती जाऊ द्यायची नसतात. पुढच्या सरावात पहिल्याच पाच गोळ्यांत ती पुन्हा उमटणार, आणि त्यांच्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या कामात काहीही फरक पडत नाही. तोंडावर शिशाचे उंचवटे आले असतील आणि ते नळीच्या मागच्या टोकाला घासत असतील, तरच त्यांच्याकडे लक्ष द्यायचे. तेही सॉल्व्हंटमध्ये भिजवून, लाकडी दातकोरणीने.

फटीच्या वर, सांगाड्याच्या वरच्या पट्टीखाली, पोलादाची पातळ चकती बसवलेली असते. तापलेल्या वायूने ॲल्युमिनियम कापले जाऊ नये म्हणून तिची नेमणूक. तिथली काजळी खरवडण्याच्या भरात लोक ती वाकवतात किंवा उचकटतात. ओल्या चिंधीने पुसायचे, टोकदार काही घालायचे नाही. सांगाड्याला अमोनियाचे कडक क्लीनर किंवा अल्कलीचे स्वयंपाकघरातले द्राव लावायचे नाहीत. ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइज्ड थर अल्कलीत विरघळतो.

नळीत शिसे साठले होते, विशेषतः मागच्या निमुळत्या तोंडाशी. इथे अस्तर पोलादी, म्हणून थोडी मोकळीक. जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याच्या जाळीचे धागे गुंडाळून पाच-सहा फेऱ्या मारल्या की शिशाचे पापुद्रे निघतात. जाळी विकत घेताना खिशात चुंबक ठेवावा. वरून तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी दिसायला हुबेहूब तशीच असते, आणि चुंबकाला चिकटली तर ती भांड्यांसाठी ठेवावी. तांब्याची जाळीसुद्धा फक्त नळीत, सिलिंडरला नाही.

ताऱ्याखालची जागा दातकोरणी व कोरड्या चिंधीने साफ केली आणि तशीच कोरडी ठेवली. तिथे तेल म्हणजे पुढच्या दारूच्या कणांना गोंद. तेल तीन ठिकाणी, प्रत्येकी एक थेंब: योकची नळी, एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्याचा मागचा भाग, आणि मागच्या दातेरी भागाची मधली पिन. टायटॅनियम गंजत नाही, पण स्क्रू, स्प्रिंगा, ताऱ्याचा दांडा हे पोलादी आहेत, आणि ह्यूस्टनचा घाम त्यांना लागतो. तेलाने ओलसर केलेल्या चिंधीचा एक हात बाहेरून. चेंबर मात्र शेवटी कोरड्या चिंध्यांनी, चिंधी पांढरी निघेपर्यंत. चेंबरमध्ये तेल राहिले तर पुंगळी भिंतीला धरत नाही, झाडतानाचा सगळा धक्का मागच्या पाटीवर येतो. शिवाय तेल झिरपून काडतुसाच्या टोपीत गेले तर ऐन वेळी ती पेटत नाही.

सिलिंडरचा निर्णय

सफाईनंतर १, ३ आणि ४ चेंबर ठीक होती. २ आणि ५ मध्ये झाडलेली पुंगळी घालून फिरवली तर ती एका बाजूला डुलत होती. गोलाई गेलेली, थर गेलेला. तोंडावरचे खड्डे यापुढे वाढतच जाणार होते. घरी करता येण्यासारखा उपाय नाही. बाजारात टायटॅनियमला विजेने रंग चढवून देणारे मिळतात, पण तो थर रंगाचा असतो, मूळ प्रक्रियेची जागा तो घेत नाही. आणि नवा सिलिंडर मागवून आपणच बसवू म्हणावे, तर तो हाताने जुळवावा लागतो: नळीशी फट, मागच्या पाटीशी अंतर, आणि चेंबर नळीसमोर येण्याची वेळ. यातले एक जरी चुकले तर गोळी कडेवर घासून शिसे बाजूला फेकते.

अमेरिकी केंद्रीय कायद्याप्रमाणे मालकाला दुरुस्तीसाठी रिव्हॉल्व्हर थेट उत्पादकाकडे पाठवता येते आणि ते परत त्याच्याच पत्त्यावर येऊ शकते. पण पार्सल कंपन्यांचे स्वतःचे नियम कडक आहेत. म्हणून आधी कंपनीला फोन करून त्यांचे पाठवणी-लेबल मागवायचे. सोबतच्या चिठ्ठीत घासक कापड, पॉलिश, ११० ग्रेन, सगळे खरे लिहायचा सल्ला मालकाला दिला. वॉरंटी अशा नुकसानीला लागत नाही हे पुस्तिकेत आहेच; लपवून हाती फक्त उशीर येतो. सिलिंडर पैसे भरून बदलला गेला.

नव्या सिलिंडरसाठी ठरवलेली पद्धत

.३८ आणि मॅग्नम एकाच दिवशी झाडायची असतील तर मॅग्नम आधी, .३८ नंतर. उलट क्रम झाला तर मधे थांबून चेंबरांत सॉल्व्हंटचा ब्रश आणि कोरडी चिंधी. खिशात बाळगायला परत मॅग्नम भरण्याआधी डमी काडतुसाची चाचणी, पाची चेंबरांत. यात एक मिनिटही जात नाही.

मॅग्नमची गोळी १२० ग्रेनच्या खाली नाही, आणि साध्या शिशाची नाही. एवढ्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का इतका झटका देतो की सिलिंडरमध्ये वाट पाहणाऱ्या काडतुसांतली गोळी पुंगळीतून पुढे सरकते. फार सरकली तर ती तोंडाबाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचाच थांबतो. नवे काडतूस घेतले की त्याची परीक्षा अशी: पाचपैकी एकाची लांबी कॅलिपरने मोजून त्यावर पेनने खूण करायची, ते शेवटच्या चेंबरमध्ये ठेवायचे, बाकीची चार झाडायची, मग ते काढून पुन्हा मोजायचे. गोळी सरकलेली दिसली की तो डबा या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. अडीच-तीनपट जड पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये तेच काडतूस बिनतक्रार चालेल.

पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे, आणि दांडा तळहाताने एकदाच, जोरात, पूर्ण. न जळलेले कण मग खाली जमिनीवर पडतात, ताऱ्याखाली शिरत नाहीत. छोट्या नळीमुळे दांडाही आखूड आहे. मॅग्नमच्या पुंगळ्या त्याने पूर्ण बाहेर पडत नाहीत, शेवटचा भाग बोटांनी ओढावा लागतो. हा दोष नाही. अर्धवट दाबून सोडला तर मात्र पुंगळीची कड ताऱ्याखाली सरकते आणि मग सोडवताना पंचाईत होते. दांडा टेबलाच्या कडेवर किंवा हातोडीने ठोकायचा नाही.

खिशातल्या रिव्हॉल्व्हरची देखभाल महिन्यातून एकदा, न झाडताही: रिकामे करायचे, रोम फुंकून काढायचे, ताऱ्याखाली पाहायचे, पोलादी भाग पुसायचे.

सराव भरपूर करायचा असेल तर आमचे मत स्पष्ट आहे. याच बांध्याचे, पोलादी सिलिंडरचे एम अँड पी ३४० थोडेसेच जड आहे. खिशाला ते फारसे जाणवत नाही, आणि .३८च्या शेकडो गोळ्यांनंतर कडे काढताना त्याच्यावर एवढी काळजी घ्यावी लागत नाही. टायटॅनियम त्याने घ्यावे ज्याला बाळगायचे जास्त आणि झाडायचे थोडे.

नव्या सिलिंडरने पहिल्या ५० गोळ्या झाल्या: ३० .३८ स्पेशल, २० मॅग्नम १२५ ग्रेन आवरणाच्या, मॅग्नम आधी. पुंगळ्या पाची चेंबरांतून तळहाताच्या एका दाबाने सुटल्या. फट पुन्हा मोजली, ०.१५ मिमी. तोंडावर पाच काळी वर्तुळे उमटली होती. सॉल्व्हंटने पुसल्यावर त्यांच्याखाली राखाडी थर जसाच्या तसा दिसला, आणि वर्तुळे तशीच ठेवून सिलिंडर बंद केला.